हँडलचा नट

लिहिण्याचा सराव नसताना धाडस करतो आहे, क्षमा असावी. आज ग्रीसचा वास आला आणि मुलचेरा गावातली ती दुपार आठवली.

जुन्या मोटारसायकलच्या हँडलचा नट मी स्वतः आवळला होता. धाकटा भाऊ गरोदर बायकोला मागे बसवून जंगलातल्या रस्त्याने दवाखान्यात निघाला. गाडी दिसेनाशी झाली, तेव्हा ज्या चटईवर बसून दुरुस्ती केली, तिच्यावर नटाखालचा वॉशर राहिलेला दिसला. तो नसेल तर नट धक्क्यांनी सैल होतो. संध्याकाळपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. प्रत्येक वळण डोळ्यांपुढे येत होते.

ती दोघे सुखरूप परतली. भाऊ हसला, "काऊन भाऊ, भूत पायलं का? गाडी मक्खन पळून राह्यली! आता मिस्त्री कायले पाहिजे?"

त्या शाबासकीने माझे तोंड बंद झाले; वॉशर मी रात्री गुपचूप बसवला. तेव्हा पोटात असलेली पुतणी आता कॉलेजात जाते, आणि मी अजूनही गप्प आहे. आता तरी त्याला सांगावे का?