आत्या एक ओळ गाळायची

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. परगावी फोन करायचा तर तेव्हा आधी नंबर नोंदवावा लागे. मग ऑपरेटर तिकडच्या ऑपरेटरला गाठून दोन्ही टोकं जोडून देई. एका लांबलचक बोर्डापुढे पंचवीस-तीस बायका ओळीनं बसायच्या. कानाला हेडफोन, समोर भोकांच्या रांगा, हाताशी पितळी टोकांच्या दोऱ्या. दिवा लागला की दोरी खुपसायची. आत्याला तिथे सगळे ‘मिनिटबाई’ म्हणत. “तीन मिनिटं झाली” हे कॉलची वेळ संपल्यावर ती इतक्या गोड आवाजात सांगे, की लोकांचा राग जागच्या जागी विरघळे. माझे बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ते एखादी गोष्ट लांबवायला लागले की घरीही ती त्याच आवाजात म्हणायची, “तीन मिनिटं झाली.” बाबा गप्प.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा मी अठराची, ती बावन्नची. तिनं लग्न केलं नव्हतं. शिंप्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या आणि खाली मशीन सुरू झालं की आमच्या टेबलावरचे चमचे हलके हलके वाजायचे. त्या खोल्यांत मी पाच वर्षं काढली. आज माझं घर त्यांच्या तिप्पट आहे, पण त्या टेबलाशी बसल्यावर जसं सुरक्षित वाटायचं तसं मला पुन्हा कुठं वाटलेलं नाही.

आत्या फार मोठी भक्तीण वगैरे दिसायची नाही. रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायची, मागच्या बाकावर बसायची, लांबलेल्या प्रवचनात चक्क डुलक्या घ्यायची. तिची खरी प्रार्थना चालायची ती चहा उकळेपर्यंत. गॅससमोर उभी राहून ती बोलायला लागायची, शेजारच्या बाईशी बोलावं तसं. “प्रभू, आज शिफ्टला ती नवी बाई आहे. ती कामात घोळ घालणार आणि मी तिच्यावर खेकसणार, हे तुला आत्ताच माहीत आहे. तर तेवढं बघ. आणि पोरीची परीक्षा आहे. अभ्यास केलेला नाही तिनं, पण तरी बघ.”

“आत्या, मी ऐकतेय,” मी आतून ओरडायचे.

“ऐकावंस म्हणूनच मोठ्यानं म्हणतेय.”

बोर्डावरही तिची एक सवय होती. नंबर जोडला की पलीकडे घंटा वाजायला लागते, कुणीतरी उचलेपर्यंत चार-पाच घंटा होतात. तेवढा वेळ ऑपरेटरला काही काम नसतं. त्या वेळात ती दोन्ही टोकांच्या माणसांसाठी प्रार्थना करायची. कोण, कुठले, काय बोलणार, काही माहीत नसायचं.

“पण नाव माहीत नसताना प्रार्थना कशी करतेस?” मी एकदा विचारलं.

“नंबर माहीत असतो ना,” ती म्हणाली. “बाकीचं त्याला माहीत असतं.”

तिचा कटाक्ष असायचा तो मनातल्या विचारांवर. तोंडातून वाईट शब्द तिनं सहसा काढला नाही, पण डोक्यात काय काय चालतं ते आपल्यालाच ठाऊक, असं ती म्हणायची. कुणाबद्दल मनात काही वाकडं आलं, की जिथे असेल तिथे पटकन “माफ कर” म्हणून मोकळी व्हायची. एकदा बसच्या रांगेत ती अशीच म्हणाली आणि पुढच्या जाडजूड बाईंनी वळून विचारलं, “मला म्हणालात का?”

आत्या गडबडली. “नाही हो. म्हणजे, तुमच्याबद्दलच, पण तुम्हाला नाही.”

मी त्या दिवशी लाजेनं अर्धी झाले. आता आठवलं की हसू आवरत नाही.

संध्याकाळी जेवणाआधी आम्ही दोघी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचो. येशूनं शिकवलेली, लहानपणापासून पाठ असलेली, झोपेतही न चुकणारी. मी राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की मध्येच एका जागी आत्याचा आवाज बंद होतो. जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशी जी ओळ आहे, तिथे. पुढच्या ओळीला ती पुन्हा सुरू व्हायची. आधी वाटलं, ठसका लागला असेल. पण रोज त्याच ओळीला ठसका कसा लागेल? रविवारी चर्चमध्ये मी मुद्दाम तिच्या तोंडाकडे बघितलं. दोनशे माणसं ती ओळ म्हणत होती आणि आत्याचे ओठ मिटलेले होते.

घरी येताना मी विचारलंच.

ती चालता चालता थांबली. मग म्हणाली, “जे मनात नाही ते त्याच्यापुढे कसं म्हणू? त्याला खोटं कळत नाही का?”

“पण सगळेच म्हणतात.”

“म्हणू देत. चर्चच्या पाळकसाहेबांनाही मी सांगितलंय. ते म्हणाले, तुम्ही म्हणत राहा, मन मागून येईल. मी म्हटलं, साहेब, माझं मन मी ओळखते. ते मागून यायचं नाही.”

मग त्या रविवारी, टेबलावरचा चहा निवत असताना, तिनं मला सगळं सांगितलं.

एक्स्चेंजमध्ये तिची एक मैत्रीण होती. दोघी एकाच दिवशी नोकरीला लागल्या, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसल्या, वीस वर्षं एका डब्यात जेवल्या. आत्या तिला सोबतीण म्हणायची. एके दिवशी आत्याला खोकल्याची उबळ आली म्हणून ती पाणी प्यायला उठली आणि सोबतिणीनं दोन्ही बोर्ड सांभाळले. त्या दहा मिनिटांत आत्याच्या बोर्डावर एका बड्या वकिलाचा कॉल जोडला गेला. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडतंय, असं काहीतरी त्यात बोलणं झालं. दोन दिवसांत ते गावभर झालं. वकिलानं तक्रार केली, चौकशी बसली. ऑपरेटरनं कॉल चोरून ऐकणं म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा. कॉलच्या चिठ्ठीवर बोर्डाचा नंबर आत्याचा होता.

“मी साहेबांना सांगितलं, मी त्या वेळी जागेवर नव्हते. त्यांनी तिला बोलावलं. तिनं खाली मान घालून सांगितलं, मला आठवत नाही.” आत्यानं कप उचलला आणि तसाच ठेवला. “मी वाट बघत राहिले. म्हटलं आज सांगेल, उद्या सांगेल.”

सोबतिणीनं सांगितलं नाही. आत्याला बोर्डावरून काढून तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधायला पाठवलं. तीन वर्षं. परत वर आली तेव्हा सोबतीण सुपरवायझर झाली होती आणि आत्याच्या खुर्चीमागून येरझारा घालत होती.

“नोकरीचं सोड,” आत्या म्हणाली. “माझ्या वडिलांनी मला विचारलं होतं, तू ऐकलंस का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरं. बस, एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. त्याच वर्षी ते गेले. त्यांना माझं खरं वाटलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.”

मी विचारलं, “मग तिच्यासाठी तू प्रार्थना करत नाहीस?”

“रोज करते. सकाळी तिचं नाव घेते. पण नुसतं नाव घेते. पुढे काय मागावं ते सुचत नाही.”

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा एक्स्चेंजमधल्या मेकॅनिकनं बातमी आणली. सोबतिणीनं आजारपणामुळे आधीच नोकरी सोडली होती. आता तिच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. जगली होती, पण आवाज कायमचा गेला होता. नवरा नव्हता, एकुलती एक मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात.

त्या आठवड्यात चहाच्या वेळची बोलणी बंद झाली. आत्या गॅसपुढे उभी राहायची आणि गप्प असायची. एकदाच पुटपुटलेलं मी ऐकलं, “असं काही मी मागितलं नव्हतं. तू तरी ध्यानात ठेव.” तिला भीती वाटत होती, हे मला फार नंतर कळलं. इतकी वर्षं कोरं नाव घेतलं, त्या कोऱ्या जागेत आपल्या मनानं काय लिहून ठेवलं होतं, याची भीती.

रविवारी दुपारी ती उठली, केस विंचरले आणि म्हणाली, “चल माझ्याबरोबर. एकटीनं माझ्याच्यानं तिचा जिना चढवायचा नाही.”

सोबतीण खिडकीपाशी बसली होती. गळ्याभोवती पांढरी पट्टी, मांडीवर वही. आत्याला दारात बघून तिनं वहीच उलटी धरली, मग सुलटी केली. आत्या समोरच्या खुर्चीत बसली. शेवटी तिनं लिहिलं आणि वही पुढे केली. मी आत्याच्या खांद्यावरून वाचलं: ‘तो कॉल मी ऐकला होता. घरी बोलले.’

“माहीत आहे,” आत्या म्हणाली.

तिनं पुन्हा लिहिलं. ‘तुझ्या वडिलांना सांगायला आले होते. दारापर्यंत आले. परत गेले.’

आत्यानं ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ती उठून जाणार. पण तिनं विचारलं, “गिळता येतं का तुला?”

सोबतिणीनं मान हलवली. थोडं थोडं.

क्षमा केली वगैरे आत्या काही म्हणाली नाही. स्वयंपाकघरात गेली, काय आहे नाही ते बघितलं आणि पातळसर भात शिजवून ठेवून आली.

गुरुवारी ती परत गेली. गुरुवारी सोबतिणीच्या मुलीचा फोन यायचा. आई फोन उचलायची, मुलगी बोलत राहायची आणि आई ‘हो’ला एकदा, ‘नाही’ला दोनदा रिसीव्हरवर नख वाजवायची. आत्यानं ते बघितलं आणि रिसीव्हर हातात घेतला. “तू लिही. मी सांगते तिला.”

त्यानंतर दर गुरुवारी तेच. एकीनं लिहायचं, दुसरीनं वाचायचं. मुलीचं बोलणं रिसीव्हर दोघींच्या कानांमध्ये धरून दोघींनी ऐकायचं. पहिल्याच दिवशी आत्या मध्येच थांबून म्हणाली, “आता मात्र मी सगळं ऐकतेय हं. चौकशी लावू नकोस.” सोबतीण हसली. नुसते खांदे हलत होते, आवाज नाही. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पाणी मग हसण्याचं राहिलं नाही.

पाच-सहा महिने असे गेले. एका गुरुवारी परीक्षा संपली म्हणून मीही गेले होते. फोन झाला होता, उन्हं पडद्यातून आत आली होती. सोबतिणीनं लिहिलं, ‘प्रार्थना म्हण ना. मला म्हणता येत नाही.’

आत्यानं डोळे मिटले आणि सुरू केली. त्या ओळीपाशी नेहमीसारखी थांबली. आता पुढची ओळ येणार म्हणून मी थांबले, पण ती येईना. मी डोळे उघडले. आत्याचेही उघडे होते आणि ती सोबतिणीच्या तोंडाकडे बघत होती. सोबतिणीचे डोळे मिटलेले होते आणि तिचे ओठ ती गाळलेली ओळ म्हणत होते. आवाजाशिवाय. संपली की पुन्हा सुरुवातीपासून, तीच.

आत्यानं ती ओळ म्हटली. कोरड्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत, वहीतलं वाचून दाखवावं तशी. मग उरलेली प्रार्थना पुरी केली.

घरी येताना मी म्हटलं, “आत्या, तू म्हणालीस.”

“तिची होती ती,” ती म्हणाली. “तिला आवाज नाही, म्हणून मी म्हटली. दर गुरुवारचं कामच आहे माझं.” जरा पुढे गेल्यावर म्हणाली, “माझी म्हणून म्हटली का, ते मला नाही सांगता यायचं.”

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी ती ओळीपाशी आली, क्षणभर अडखळली आणि म्हणाली. तिसऱ्या दिवशी गप्प राहिली. पुढे मी वेगळी राहायला गेले, तरी तिच्याकडे जेवायला गेले की कित्येक वर्षं असंच चाललं. काही दिवस म्हणायची, काही दिवस नाही. मी कधी मोजलं नाही. पण म्हणायची तेव्हा मला ऐकू येईल इतक्या स्वच्छ आवाजात म्हणायची.

आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि बोर्ड बंद झाले. दोऱ्या, हेडफोन सगळं भंगारात गेलं. आत्या निवृत्त झाली. सोबतीण चार वर्षांनी गेली, तेव्हा तिच्या उशाशी आत्याच होती. मला वाटलं, गुरुवार आता मोकळे झाले. पण पुढच्याच गुरुवारी आत्याच्या घरी फोन वाजला. सोबतिणीची मुलगी होती. सवयीनं फोन फिरवला आणि मग रडायलाच लागली. आत्या अर्धा तास तिच्याशी बोलत होती. त्यानंतर ती मुलगी आत्यालाच फोन करायला लागली. नोकरी बदलायची का, मुलाचा ताप उतरत नाही, सासूशी कसं बोलू, सगळं आत्याला विचारायची.

आत्याच्या दफनाला ती आली होती, तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. सगळे गेल्यावर आम्ही दोघी आत्याचं कपाट आवरायला बसलो. घड्या घालता घालता तिनं विचारलं, “आई आणि त्यांचं कधी काही बिनसलं होतं का? आईच्या एका वहीत बरीच पानं फाडलेली आहेत.”

मी आत्याचा राखाडी स्वेटर झटकत होते. म्हटलं, “वीस वर्षं एका डब्यात जेवल्या होत्या त्या.”

तिनं मान हलवली. मग तो स्वेटर तिनंच मागून घेतला. बाहीचं एक बटण सैल झालं होतं, ते लावून द्यायला मी सुई शोधायला उठले.