मोंबासा ते मटवारा, मार्गे बोरी अरब

या पृथ्वीवर धावणारी प्रत्येक प्रवासी गाडी आपल्याच ताब्यात आहे, अशी आमच्या कंडक्टरांची प्रामाणिक समजूत होती. गाडी कोणाची का असेना! वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये चढले तरी आधी माणसं मोजणार, मग ओरडणार, "मागं सरका! मागं जागा पडली हाये, पुढं काय परसाद वाटून राह्यले काय?" एकदा तर कोणाच्या तरी मयतीला जीपमधून निघालो होतो, तिथंही त्यांनी मेलेल्या माणसाच्या सख्ख्या व्याह्याला उठवून एका म्हातारीला जागा करून दिली होती. व्याही तणतणला तर म्हणाले, "तुमी रागावू शकता, म्हंजे तुमी उभे राहू शकता." रिटायर झाल्यावरही तिकिटाचा पंच त्यांच्या खिशात असायचा. लग्नपत्रिका हातात आली की आधी टक् करून भोक पाडायचे आणि मग वाचायचे.

मी बोरी अरबच्या शाळेत मास्तर. यवतमाळहून रोज अपडाऊन. कंडक्टर जवळच्या बंजारा तांड्यातले, आणि त्यांचे ड्रायव्हर खुद्द बोरीचे. या दोघांच्या गाडीनं माझी अर्धी नोकरी झाली. कंडक्टर तोंडाळ, ड्रायव्हर अबोल. सकाळी हे "रामराम" म्हणणार, ते "जयभीम" म्हणणार, आणि त्यानंतर ड्रायव्हरांचं त्या दिवसाचं बोलणं बहुतेक संपलेलं असायचं. बाकी सगळा कारभार छताखालच्या दोरीवर. टण्, थांबा. टण् टण्, चला. एकदा कंडक्टर एका फाट्यावर खाली उतरून कोणाशी तरी भांडत बसले होते. एका उतावळ्या प्रवाशानं स्वतःच दोरी दोनदा ओढली. ड्रायव्हरांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. "ही आमच्या कंडक्टरची नोहे," म्हणाले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. बावीस वर्षांत त्या हाताची डबल मिळाल्याशिवाय त्यांनी गाडी इंचभर हलवली नव्हती.

आता आफ्रिका कुठून आली ते सांगतो. स्टँडवरच्या टपरीत एकदा भजी आली ती कोणत्या तरी पोराच्या फाटक्या भूगोलाच्या पानात. तेल पुसून ड्रायव्हरांनी पान उजेडाकडे धरलं. आफ्रिकेचा पूर्व किनारा होता. समुद्राला चिकटून, मोंबासापासून खाली मटवाऱ्यापर्यंत उतरणारी एक लाल रेघ. ड्रायव्हर बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हा रोड पाह्य बे. एका बाजूनं पुरा समिंदर. त्या बाजूनं ढोर नाही, बंडी नाही, कोणी आडवं येणारच नाही." दोघांपैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. ते पान तिकिटाच्या पेटीत गेलं आणि रिटायर झाल्यावर दोघांनी त्या रोडनं जायचं असं ठरलं. मी एकदा म्हटलं, अहो, समुद्रच पाहायचा तर मुंबई आहे. कंडक्टरांनी माझ्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे पाहावं तसं पाहिलं. "मुंबईले एष्टीच्या पासवर जाता येते, सर. पासवर गेलं का माणूस पाहत नाही, झोपते."

मग ती वर्षं आली. आमच्याकडची ती कापसाची वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. ड्रायव्हर रिटायर होऊन आपल्या पऱ्हाटीत उतरले आणि लागोपाठ दोन हंगाम बोंडअळीनं नेले. मुळातच अबोल माणूस, तो पार गप्प झाला. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्या दिवसांत गप्प बसलेल्या माणसाला घरचे एकटं सोडत नसत. ड्रायव्हरांची बायको तर विहिरीवर जातानाही शेजारणीला बसवून जायची. गावातले शहाणे येऊन समजावून गेले, मीही गेलो. मास्तर माणूस, काय बोलणार? आशेवर दहा वाक्यं बोललो आणि स्वतःलाच लाज वाटली. परत येताना फाटकाशी कंडक्टर भेटले. ते आत गेले आणि बाहेर आले ते वेगळाच चेहरा घेऊन.

"सर, मी आफ्रिकेले चाल्लो."

मला वाटलं, मित्राच्या दुःखानं यांचंही डोकं फिरलं. मी म्हटलं, "अहो, या वेळी? त्यांना सोडून?"

"याच वेळी," ते म्हणाले. "रिकामा हाये म्हणून तो भिंतीकडं पाहून राह्यला. त्याले कायची तरी वाट पाहाले देतो."

आणि लागले की हो तयारीला! घरात बायकोनं आकाशपाताळ एक केलं. सगळी पुंजी या खुळात घालता म्हणून आठवडाभर बोलली नाही. तांड्यात पैजा लागल्या की म्हातारा कल्याणहून परत येतो. हा गडी कोणाला बधला नाही. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, "आफ्रिकेत कोण हाये तुमचं?"

"कोणी नाही."

"मंग काम काय?"

"काम नाही जी. रोड पाहाचा हाये."

"काहून? इकडं रोड नाहीत काय?"

"हाये ना. ते मले पाठ झाले."

पोलीस चहा पिऊन, हसत गेला. पासपोर्ट आला. त्यालाही पंच मारायला निघाले होते, बायकोनं वेळीच हात धरला. त्यानिमित्तानं ती बोलायला लागली आणि तिनंच मग पाठपिशवी शिवली. पाठपिशवी कसली, गोणी! यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून मुलुखभर मीठ आणि धान्य वाहणारे. "बैल कधी एका बाजूनं वजन घेते काय? मंग मी कायले घेऊ?" म्हणून एक पिशवी पाठीवर, एक पोटावर, मध्ये खांद्यावरून रुंद पट्टा, आणि दोन्ही बाजूंना आरसे न् कवड्या. वजन मागंपुढं बराबर. सुकलेल्या भाकरी, ठेचा, दोन सदरे, आणि प्लास्टिकमध्ये ते भज्यांचं पान.

निघायच्या दिवशी मात्र त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. भंगारातून एका जुन्या गाडीची घंटी आणली होती. ती ड्रायव्हरांच्या पडवीत खांबाला टांगली, तिला दोरी बांधली आणि ड्रायव्हरांना खाटेवर उठवून बसवलं. सगळ्यांसमोर एकदाच ओढली. टण्.

"आयकू आली ना? सिंगल देली. गाडी उभी हाये. मी वापस येऊन डबल देईन. तोवर जाग्यावरून हालाचं नाही. समजलं?"

ड्रायव्हरांनी घंटीकडे पाहिलं. मान हलवली. त्यांची बायको पदर तोंडात कोंबून आत गेली. ड्रायव्हर एवढंच बोलले, "एकेक वळण सांगजो."

पुढचं सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. मोंबासाला उतरल्यावर पहिला धक्का बसला तो रोडचा. कागदावर समुद्राला चिकटलेली रेघ प्रत्यक्षात कोस-दोन कोस आत पळत होती. बसमधून नारळ दिसे, घायपात दिसे, आपल्याकडच्या गोरखचिंचेची मोठमोठी झाडं दिसत, समुद्र काही दिसेना. पण ड्रायव्हरला वळण न् वळण सांगायचं कबूल केलेलं. मग काय! जागोजाग उतरायचे, गोणी खांद्यावर टाकून नारळांच्या बागांतून चालत किनाऱ्याला जायचे, समुद्र जागेवर आहे याची खात्री करायचे आणि परत येऊन पुढची गाडी धरायचे. आरशांच्या गोणीमागं पोरांची वरात. दोन दिवस पायी, एक दिवस बस, पायाला फोड, अंगात ताप. एका खेड्यात एका बाईनं चहा-चपाती देऊन खुणेनं विचारलं, म्हातारबा, घरी जात का नाही? त्यांनी खुणेनंच दोरी ओढून दाखवली. तिला काय कळलं देव जाणे, पण तिनं आणखी एक चपाती वाढली.

तांगा नावाच्या गावाच्या पुढं तो घोटाळा झाला. तिकडच्या छोट्या बसचे कंडक्टर दाराला लटकतात आणि पत्र्यावर थापा मारून गाडी सोडतात. आमच्या गृहस्थांचा हात आठवडाभर शिवशिवत होता. त्यातून गर्दी अशी वेडीवाकडी बसलेली की यांना पाहवेना. दोन थांब्यांत यांनी सगळी बस लावून टाकली. धडधाकट उभे केले, लेकुरवाळ्या बसवल्या, आणि लोकांनी ऐकलंही, कारण तो आवाज कोणत्याही भाषेत कळतो. पुढच्या थांब्यावर एक म्हातारी केळ्यांचा हारा घेऊन उभी. जागा व्हावी म्हणून खऱ्या कंडक्टरनं यांची गोणी खाली काढून ठेवली, हारा टपावर चढवला, आणि तो दोर आवळत खालीच उभा होता. म्हातारी चढली. टेकली. आमच्या कंडक्टरांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं आणि बावीस वर्षांच्या सवयीनं पत्र्यावर हात गेला. धप् धप्! गाडी सुटली. गोणी खाली, बिचारा कंडक्टर खाली.

कोसभर गेल्यावर बसमध्ये आरडाओरडा झाला, गाडी थांबली. सगळे पोट धरून हसत होते. आणि आमचे कंडक्टर मात्र पांढरेफटक. गोणीसाठी नव्हे हो. "डबल देली मी!" एवढंच त्यांच्या डोक्यात. सिंगल देऊन आलो होतो आणि या हातानं डबल देऊन बसलो.

मी सहाव्या तासाला वर्गात होतो. मोबाईल वाजला, लांबलचक परदेशी आकडा. "सर, चुकून डबल देली मी, गाडी कंडक्टरले अन् माह्या गोणीले खाली टाकून सुटली! ड्रायव्हर कुठं हाये? जाऊन पाहा. आत्ताच्या आत्ता जा!" आवाज असा की मी खडू फेकून शिपायाची सायकल काढली. वाटेत काय काय मनात आलं ते लिहवत नाही. पडवीत पोचलो तर ड्रायव्हर खाटेवर, नेहमीसारखे. मला धाप लागलेली, घाम निथळतोय. कसंबसं सांगितलं, की कंडक्टरांच्या हातून तिकडं चुकून डबल दिली गेली, गाडी निघाली, आणि ते घाबरलेत.

ड्रायव्हर वळले. आमच्याकडची पाठ पहिल्यांदा भिंतीकडे फिरली म्हणा ना. कपाळाला आठी घालून त्यांनी विचारलं, "मंग त्या गाडीचा कंडक्टर कुठं होता?"

"खाली राहिला. रस्त्यावर."

"पाशिंजर वरती, कंडक्टर खाली?"

"हो. आणि यांची गोणीही."

आधी खांदे हलले. मला वाटलं रडतात. मग तोंड उघडलं, आणि तो माणूस हसायला लागला. असा हसला, असा हसला, की त्यांची बायको चुलीवरून धावत आली आणि दारात उभी राहून रडायला लागली. डोळे पुसत ड्रायव्हर म्हणाले, "सांगा त्या येड्याले, ती डबल त्या गाडीची होती. माही दोरी माह्याच गाडीत हाये." मी तिथूनच फोन लावला आणि शब्द न् शब्द सांगितला. तेवढ्यात पलीकडे खऱ्या कंडक्टरला घेऊन दुसरी गाडी आली असावी, कारण मोठा गलका ऐकू आला आणि आमचे कंडक्टर कोणाची तरी आपल्या वऱ्हाडीत माफी मागत होते.

मटवाऱ्यापर्यंत सगळा रोड पुरा करून, दोन-अडीच महिन्यांनी, काळेठिक्कर आणि निम्मे होऊन ते परतले. पैजा लावणारे तांड्यात तोंड लपवत होते. घरी न जाता थेट ड्रायव्हरांच्या पडवीत. गोणी उतरवली आणि मोंबासाच्या स्टँडपासून सुरुवात केली. समुद्र कोणत्या बाजूनं लागतो म्हणून ड्रायव्हरांनी विचारलं. डाव्या.

"म्हंजे दरवाजाच्या बाजूनं. माह्या बाजूले काय?"

"तुह्या बाजूले नारळं अन् घायपात."

"तुले नेहमी चांगली बाजू भेटते बे!"

रोज संध्याकाळी एक थांबा. चढ किती, वळण कसं, ब्रेक कुठं दाबायचा. ड्रायव्हर सकाळी शेतात जायला लागले, कारण संध्याकाळी ऐकायचं होतं. मी हिशेब केला, वर्षभरात हा प्रवास संपायला हवा. संपेना! लिंडीच्या पुढं मटवारा दिसायला लागला की कंडक्टर कपाळावर हात मारायचे. "अरे, पांगानीची होडी सांगाची राह्यली!" की पुन्हा मागं. मला कळायला दोन वर्षं लागली. शेवटच्या थांब्याला पोचलं की कबूल केलेली डबल द्यावी लागणार होती, आणि मग ड्रायव्हर जागा सोडायला मोकळे. त्यांनी ती कधीच द्यायची नाही असं ठरवलं होतं, आणि ड्रायव्हरांना ते माझ्याआधी कळलं असणार.

कंडक्टर गेल्या दिवाळीनंतर गेले. दोन दिवसांचा ताप, बास. माती देऊन आलो आणि आठवड्यानं धीर करून ड्रायव्हरांकडे गेलो. आता वयानं त्यांची नजर अधू झालेली. खाटेवर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. पडवीत घंटी तशीच. समोरच्या थांब्यावर यवतमाळची गाडी उभी होती. तिच्यात डबल वाजली. टण् टण्. ड्रायव्हरांचा डावा पाय क्लच शोधत उचलला गेला, तसाच थांबला, आणि हळूच खाली टेकला.

"ही आमच्या कंडक्टरची नोहे," ते म्हणाले, आणि खाटेवर सरकून मला जागा करून दिली. "बसा, सर. लिंडीपावतर आलतो आमी."