नवरीच्या कपड्यांतली दुसरी उडी

ती केस निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. नाशिकला त्र्यंबक रोडच्या बाजूला फार्महाऊसवर सिनेमांची शूटिंगं वाढली होती. आमच्या पोलीस ठाण्याला त्याचा ताप एवढाच, की बंदोबस्त द्या आणि बघ्यांना हाकला.

एका संध्याकाळी सरकारी रुग्णालयातून खबर आली. मोटारसायकल घसरून एक जण मयत. त्याला आणणारा त्याचा मित्र, दोघेही सिनेमात स्टंटची कामं करणारे. मित्राने जबाब दिला की सुट्टी होती, दर्शनाला निघालो होतो, गाडी तो वेगात चालवत होता. दुसरं वाहन नसलं की गुन्हा मयतावरच दाखल होतो. स्वतःच्या मरणाचा आरोपी तोच. नियम आहे, पण घरच्यांना तो समजावून सांगायचा मला कायम कंटाळा यायचा.

मरणोत्तर पंचनाम्याला गेलेल्या आमच्या महिला हवालदार चौकस. त्यांचा फोन आला.

"साहेब, ह्याच्या हातांवर पार कोपरापर्यंत मेंदी आहे. हातांवरचे केस वस्तऱ्याने काढलेत. आणि घसरलेल्या माणसाची पँट अशी कोरी राहते का?"

मी रुग्णालय गाठलं. मित्र म्हणाला, त्याच्या भाचीच्या लग्नात काढली मेंदी. तेवढ्यात मयताची बायको पंचवटीहून पोचली होती. तिने ते ऐकलं.

"आमच्यात कुठं लग्न आहे, भाऊजी? साहेब, हिरोईनच्या जागी हेच उड्या मारायचे. सीन नवरीचा असेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांच्यावर गुन्हा का लावला? मुलीला काय सांगू, बाप स्वतःच्या चुकीने गेला?"

मित्राला ठाण्यात आणून माझ्या खोलीत बसवला. चौकशी म्हणजे आरडाओरडा, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारा तासन्‌तास टिकतो, दुःखात खोटं बोलणारा चहा निवेपर्यंतही टिकत नाही. मी एवढंच विचारलं, "त्याचे कपडे कोणी बदलले?"

तो रडायला लागला. "मीच, साहेब. घागरा, विग, बांगड्या, सगळं उतरवलं. तसाच दवाखान्यात नेला असता तर लोकांनी मोबाईल काढले असते. शोभा झाली असती त्याची. मग शूटिंगचा मॅनेजर म्हणाला, कपडे बदललेच आहेत, तर गाडीवरून पडला म्हण. नाहीतर तुला परत कोणी बोलावणार नाही."

बाकीचं भराभर बाहेर आलं. नवरी गॅलरीतून उडी मारते, असा प्रसंग. खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचून वर गादी टाकतात. एका उडीत खोके चेपतात, म्हणून दुसऱ्या उडीला नवे रचायचे, हा त्यांच्यातला साधा शिरस्ता. त्या दिवशी ऊन उतरत होतं. मॅनेजरने चेपलेल्या खोक्यांवरच गादी नीट करून घेतली आणि त्याला पुन्हा वर चढवलं.

घटनास्थळाचा पंचनामा केला, चित्रीकरण जप्त केलं. मॅनेजरला अटक झाली, त्याला जामीनही झाला. खटल्याच्या तारखा अजून पडताहेत. मित्राला त्यानंतर काम मिळालं नाही. त्याने ते आधीच ओळखलं होतं, तरी दिलेला खरा जबाब फिरवला नाही.

मयताच्या बायकोला ठाण्यात बोलावून मी सांगितलं, "ताई, आता तुमच्या माणसावर गुन्हा नाही." तिने मान हलवली. शेजारी तो मित्र उभा होता. तिने त्याला विचारलं, "पहिली उडी नीट झाली होती का?"

"एकदम बरोबर, वहिनी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मग दुसरी कशाला मारायला लावली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. जप्त केलेलं चित्रीकरण मी पुन्हापुन्हा पाहिलं होतं. पहिल्या उडीत काही कमी नव्हतं. खाली खुर्चीत बसलेल्या कुणीतरी 'अजून एक घेऊ' म्हटलं होतं, आणि वर उभ्या असलेल्याला नाही म्हणायची सोय नव्हती. एवढ्या नोकरीत माणसं मरण्याची नाना कारणं मी कागदावर उतरवली. हे कारण मात्र त्या बाईच्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटली नाही.