पान्याबरोबरचा माणूस

उसना पाना मागायला आलेल्या माणसाला पान्यासोबत एक धडधाकट सरकारी बाबूही देणारा गृहस्थ उभ्या भारतात एकच होऊन गेला, आणि ते म्हणजे आमचे मावसाजी. बालाघाटच्या बस स्टँडभोवती जितके म्हणून मिस्त्री होते, त्या सगळ्यांना हा नियम पाठ होता. विलायती रिंग पाना हवा असेल तर मावसाजींच्या दारात यायचं, ते पायात जोडे घालेपर्यंत थांबायचं आणि मग पाना व मावसाजी अशा दोघांनाही सायकलवर बसवून न्यायचं. पाना मावसाजींच्या मांडीवर, जुन्या धोतराच्या फडक्यात. काम होईपर्यंत ते गाडीशेजारी स्टुलावर बसून राहत. बोल्ट कसा खोलतात यात त्यांना काडीचाही रस नव्हता, त्यांचं सगळं लक्ष पान्यावर असे. मिस्त्रीनं पाना मातीत ठेवला की ते खाकरत. पुन्हा ठेवला की उठून स्वतः उचलत, फडक्यानं पुसत आणि कोणाचाही अपमान न करता मिस्त्रीच्या हातात परत देत. काम लांबलं की जेवणवेळ होई, आणि ज्याची गाडी त्यानं मावसाजींना जेवू घालायचं, हेही ठरलेलं होतं. "पाना जिथं जाते तिथलं अन्न चालते," असा त्यांचा सिद्धान्त होता. एरवी बाहेरचा चहासुद्धा न घेणाऱ्या या माणसानं बिरसाच्या जंगलात अडकलेल्या लाकडाच्या ट्रकापाशी बसून ड्रायव्हरच्या हातची जाड रोटी खाल्ली होती. एकदा तर, ज्यांचं आडनावही ठाऊक नाही अशा लोकांकडे बारशाच्या पंगतीत ते पाना मांडीवर घेऊन बसले होते, आणि बाळाच्या आत्याला नाव सुचवून आले होते.

यावरून कोणाला वाटेल, मावसाजी यंत्रातले दर्दी असतील. तसं काही नव्हतं. ते कचेरीत बाबू होते आणि सायकलची चेन उतरली तर सायकल हातात धरून दुकानापर्यंत चालत जात. जिल्ह्यातली सगळ्यात उत्तम हत्यारं ज्याच्या घरी, त्यानं साधी चेन चढवायला परक्याकडे जावं, हे मला चमत्कारिक वाटे. मी एकदा तसं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वापरणारे पुष्कळ आहेत बाप्पा. सांभाळणारा कोनी नाही." मी त्यांची सायकल धरून चालू लागलो.

ही हत्यारं त्यांच्या घरात आली कशी, ती कथा मावशी सांगे, आणि उन्हाळ्यातच सांगे. तिरोडीच्या खाणीवरचे एक वयस्कर इंजिनियर नोकरी संपवून गावी निघाले होते आणि घरातलं सामान विकत होते. त्यात छताचा एक पंखा होता. मावशीनं डब्यात साठवलेले पैसे मावसाजींच्या हाती दिले आणि त्यांना सकाळच्या बसनं तिरोडीला धाडलं. संध्याकाळी ते परतले तेव्हा मागे हमाल होता आणि हमालाच्या डोक्यावर सागवानी पेटी. पंखा पेटीत मावणार नाही, हे मावशीला तेव्हाच समजलं. मावसाजींनी पेटी उघडली. आत निळ्या घोंगडीचं अस्तर, त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खोबण आणि प्रत्येक खोबणीत चकचकीत विलायती पाना. मावशीनं हवा कुठून येईल तेवढं विचारलं. मावसाजींनी खिडकी उघडली.

तेव्हापासून त्या घरात हत्यारांची किंमत रुपयांत सांगत नसत. जी वस्तू घ्यायची राहून गेली, तीच त्या हत्याराची किंमत. पेटी म्हणजे पंखा. पुढे नागपूरहून आणलेली पक्कड म्हणजे रेडिओ. लांब दांड्याचा पाना म्हणजे मावशीचं रामटेकला जाणं. पाहुण्यांना पेटी दाखवताना मावसाजी हे सगळं गंभीरपणे सांगत आणि मावशी आतून तितक्याच गंभीरपणे दुरुस्ती करी, की रामटेक नव्हे, रामटेक आणि परकराचं कापड. भर मे महिन्यात ती पेटीचं झाकण काढून त्यानं वारा घेत बसलेली मी पाहिली आहे. इतका खर्च कशासाठी, असं कोणी म्हटलं की मावसाजी आपलं एकुलतं एक यांत्रिक ज्ञान बाहेर काढत. तेही त्या इंजिनियरनं पेटीबरोबर दिलेलं होतं. "सस्त्या पान्याचं तोंड फाकते. फाकलं का तो बोल्टाचे कोपरे खाते. मंग बोल्ट गोल होते, आन् गोल झालेला बोल्ट कोनाचंच ऐकत नाही." हे ते अशा सुरात सांगत की ऐकणाऱ्याला आपल्याच घरातला एखादा मुलगा आठवे.

दर रविवारी सकाळी पेटी अंगणात येई आणि हत्यारांना तेल लागे. या कामात त्यांची एकच भागीदार होती, त्यांची एकुलती एक मुलगी शोभा. ती फडकं फिरवी, ते तेलाचं बोट फिरवत. दोघं एक अक्षर बोलत नसत. पुढचा पाना कोणता, हे तिला सांगावं लागत नसे आणि त्यांना मागावा लागत नसे. मावशी म्हणे, या बापलेकींचं असं बोलणं ऐकून माझे कान किटले. मला मात्र त्या अंगणात बसायला फार आवडे. मावसाजींना एवढं सुखात मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही.

मग शोभाचं लग्न ठरलं. खैरलांजीचं घर, धानाची शेती, घरची भात कांडायची गिरणी, मुलगा सरळ. वाईट काहीच नव्हतं, एक रीत सोडून. मावसाजींच्या घराण्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीही पीत नसे, म्हणून तिथे जातच नसे. त्यांचे थोरले बंधू स्वतःच्या मुलीच्या गावावरून कितीदा बसनं गेले, पण तोंड दुसऱ्या खिडकीकडे करून. मावसाजी तर नियमाचे पक्के. सोयरीक पक्की झाल्यापासून ते हत्यारांना रविवारच्या जोडीला बुधवारीही तेल लावू लागले. एका बुधवारी तेलाचं बोट हवेतच ठेवून ते मला म्हणाले, "खैरलांजीची बस कितीक वाजता अस्ते?" मी वेळ सांगितली. "उगीच इचारलं," ते म्हणाले, आणि झालेल्याच पान्याला पुन्हा तेल लावलं.

लग्नाचा मुहूर्त गोरजाचा होता. दुपार कलली तरी वऱ्हाड आलं नाही. शोभा गौरीहरापुढे बसली, भटजी सूर्याकडे पाहू लागले, आणि नवरदेवाचा चुलतभाऊ धुळीनं माखून मोटारसायकलवरून आला. मागे एक पोरगा बसलेला, तोही तसाच. वऱ्हाडाची बस वैनगंगेच्या पुलापलीकडे उभी होती. पुढच्या चाकावरच्या कमानपाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा, बोल्ट ढिला झालेला, आणि ड्रायव्हरजवळ होता तो पाना तोंड फाकलेला. त्यानं बोल्टाचे कोपरे खायला सुरुवात केली होती. वारासिवनीतून मिस्त्री आणला, तर त्याचाही पाना तसलाच. तो म्हणाला, "विलायती रिंग पाना लगेगा. बालाघाट में एक बाबू के पास है, लेकिन बाबू साथ में आएगा." एवढं सांगून चुलतभावानं विचारलं, हे बाबू राहतात कुठं?

मावसाजी नव्या सोवळ्यात, कपाळाला हळदकुंकू, असे पाटावर बसले होते. ते उठले, आत गेले, रिंग पाना फडक्यात घेऊन आले आणि पाटाशेजारी उभे राहून जोडे घालू लागले. यात त्यांना काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. भटजींनी मंत्र थांबवला. मावशीनं डोक्याला हात लावला आणि म्हणाली, "अवो, पोरीचा बाप हाव तुमी. मांडव सोडून कुठी चालले?" तिचं म्हणणं सगळ्यांना पटत होतं. मावसाजींनाही पटत होतं, पण त्यांचा एक पाय जोड्यात गेला होता. मी म्हटलं, मी जातो पान्यासोबत. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, तू सायकलले कुलूप लावत नाही. एका बाजूला मुलीचा मुहूर्त चालला होता, दुसऱ्या बाजूला जन्मात कधी न मोडलेला नियम, आणि मध्ये हा माणूस एक जोडा घालून उभा. तेवढ्यात गौरीहरापाशी शोभानं मान वर केली. ती हळूच म्हणाली, "बाबा, जाऊ द्या त्याले. तो येते परत. तुमी बसा माह्यापाशी."

मावसाजींनी पाना चुलतभावाच्या हातात दिला. दिला म्हणजे आधी उघडून पुसला, मग पुन्हा गुंडाळला, मग दिला. मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत ते रस्त्याकडे पाहत राहिले, आणि मग जोडा काढून शोभाजवळ येऊन बसले. त्यांचा हात मांडीवर उताणा पडला होता. तिनं त्यात अक्षता ठेवल्या.

वऱ्हाड आलं तेव्हा गोरज उलटून गेला होता. भटजींनी पंचांगातून आणखी एक मुहूर्त काढला, तोही तितकाच शुभ होता असं ते म्हणाले. बँड वाजत होता. नवरदेव बसमधून उतरला तो बाशिंगासकट काळा होऊन. गिरणी चालवणारा मुलगा, तो काय बसून राहणार? ड्रायव्हरला बाजूला करून तोच बसखाली शिरला होता. कट्यार त्याच्या मामाच्या हातात होती, आणि ज्या हातात कट्यार असायला हवी त्या हातात शेल्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सासऱ्यानं जावयाचे पाय धुवायचे असतात. मावसाजींनी तांब्या खाली ठेवला आणि शेला उघडला. पाना पुसलेला होता, नुसता पुसलेला नव्हे, त्याच्या कड्याच्या आतल्या खाचांतूनही कोणीतरी कापडाचं टोक फिरवलं होतं. शेल्याच्या जरीला काळे डाग होते. मावसाजींनी बराच वेळ पाना पाहिला आणि मगच जावई पाहिला. "पुसून आनला," ते मावशीला म्हणाले, आणि खाली वाकून त्या काळ्या पायांवर पाणी घालू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते. धूर नव्हता, होम पेटायचा होता.

बिदाईच्या वेळी सगळे रडले, बँडवालेही. मावसाजी रडले नाहीत. शोभा पाया पडून उठली तेव्हा ते आत गेले आणि पेटीतला तोच पाना घेऊन आले. जावयाच्या हातात ठेवून म्हणाले, "जवाईबापू, हा तुमच्यापाशी राहू द्या. पन एक सांगून ठेवतो. हा एकटा राहत नाही. मले याले पाहाले यावंच लागते."

जावई हुशार निघाला. तो म्हणाला, हौ, या ना. रविवारी या.

त्यानंतर एका रविवाराआड मावसाजी खैरलांजीच्या बसमध्ये दिसू लागले. खिशात तेलाची लहान बाटली. तिथे पोचले की शोभा फडकं काढी, ते तेलाचं बोट फिरवत, आणि एकच पाना असल्यामुळे ते काम दुपारपर्यंत पुरवावं लागे. मग जेवण. घरात पंखाही होता. थोरल्या बंधूंना हे कळलं तेव्हा ते तणतणत आले. लेकीला अजून मूलबाळ नाही आणि तू तिच्या घरी जेवतोस, घराण्याचं नाव बुडवलंस, वगैरे. मावसाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "मी पोरीच्या घरी नाही गेलतो, दादा. पान्याकडं गेलतो." दादांनी खूप विचार केला, पण यातली चूक त्यांना सापडेना. पुढल्या महिन्यात त्यांनी आपला अडकित्ता स्वतःच्या मुलीकडे धाडला आणि मागोमाग तो पाहायला गेले, असं ऐकलं.

मावसाजी आता नाहीत. पेटी मावशीपाशी आहे आणि तिच्यातली एक खोबण रिकामी आहे. परवा मी खैरलांजीला शोभाकडे गेलो होतो. चहा टाकला होता तेवढ्यात शेजारचा एकजण पाना मागायला आला, त्याचा ट्रॅक्टर बांधावर अडकला होता. शोभानं फळीवरून फडक्यातला पाना काढला, स्टोव्ह बंद केला आणि पायात चपला घालू लागली. मी म्हटलं, अगं, शेजारचाच तर माणूस आहे. देऊन टाक ना, तू काहून चालली?

"एकटा कसा जाईल तो," शोभा म्हणाली, आणि पाना पदराखाली घेऊन त्याच्यासोबत गेली.