शप्पथ सुटायची राहिली

डोळे मिटलेत, पण झोप आलेली नाही. नॉर्वेच्या उत्तर टोकाला येऊन तीन दिवस झाले आणि तीन दिवसांत अंधार म्हणून बघितलेला नाही. जून महिन्यात इथं सूर्य मावळतच नाही. संध्याकाळचे पाच वाजलेत. बोटीवरून भिजून परतलोय, जेवण साडेसातला आहे, तोवर पाठ टेकावी म्हणून मी ओले केस उशीवर मोकळे सोडून आडवी झालेय. पडदा पुरता ओढला तरी फटीतून ऊन आत येतंय. शेजारच्या पलंगावर चारू माझ्याकडे पाठ करून निजलीय.

चारूचं नि माझं दोन वर्षं धड बोलणं नाही. ‘किल्ली घेतलीस का’, ‘आवरलं का’, एवढं चालतं. कऱ्हाडच्या शाळेतल्या आमच्या बॅचच्या नऊ जणी पन्नाशी उलटल्यावर एकत्र परदेशी निघालो, खोल्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या वाट्याला नेमकी चारू आली. बाकीच्या सात जणींनी एकमेकींकडे बघितलं, पण चिठ्ठी बदलू या असं काही कुणी म्हणालं नाही.

खरं तर आम्ही तिघी. वसू, चारू आणि मी, पहिलीपासून एका बाकावर. वसू दोन वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेली. तिचं दुखणं मला सात महिने आधी ठाऊक होतं. चारूला कळलं ते शेवटच्या तीन दिवसांत, तेही दवाखान्यात, मला उशाशी बसलेली बघून. मला का नाही सांगितलंस, एवढंच तिनं विचारलं. मी गप्प बसले, कारण वसूनं मला शप्पथ घातली होती.

हसायचं असेल तर हसा. आमच्या लहानपणी शप्पथ म्हणजे खेळ नव्हता. आपल्या गळ्याची कातडी चिमटीत धरून घालायची, आणि जिनं घातली तिनंच ‘सुटली’ म्हटलं की सुटायची. मोडली तर घालणारी मरते म्हणे. आता वसूला आणखी काय व्हायचं राहिलंय? मी गणिताची बाई आहे, मला हे कळतं. तरी ती ‘सुटली’ न म्हणता गेली आणि माझं तोंड बांधलेलं ते बांधलेलंच राहिलं.

केसांतून कुणाची तरी बोटं फिरतायत.

“हलू नकोस,” वसू म्हणते.

मी शाळेच्या नळापाशी पायरीवर बसलेय. अंगात गाऊन, पायात हॉटेलच्या पांढऱ्या सपाता. वसू वरच्या पायरीवर आहे आणि माझी वेणी घालतेय. मी वळायला बघते तर ती माझं डोकं धरून सरळ करते, दहा वर्षांची असताना करायची तसंच. तिची स्वतःची वेणी माझ्या खांद्यावरून पुढं आलीय, काळीभोर, मनगटाएवढी. शेवटी तिच्या डोक्यावर केस औषधालासुद्धा नव्हता. मी ती वेणी हातात घेते. उन्हात बसलेल्या माणसाची असावी तशी ती गरम आहे. माझ्या अंगावर काटा येतो, पण भीती अशी वाटतच नाही. गेलेलं माणूस इतकं जवळ बसलंय आणि मला त्याचा श्वास ऐकू येतोय, या एवढ्याशानं माझा जीव दडपून जातो.

नळ वाहतोय. पाणी पायरीला लागतं, पायांवरून जातं, आणि हा कृष्णेचा घाट आहे. पलीकडच्या काठावर सकाळी बोटीतून बघितलेले बर्फाचे डोंगर उभे आहेत, सरळ पाण्यात उतरलेले, आणि त्यांच्या टोकाशी सूर्य टेकून थांबलाय. खाली जात नाही, वर येत नाही. इतका मोठा उजेड आणि एवढी शांतता मी जन्मात बघितलेली नाही. वसूला त्याचं काही नाही. ती विचारतेय, इथं तुम्हाला जेवायला काय देतात. मी सांगते, काल पिठलं होतं. ती इतकी हसते की पायरी हलते.

घाटाच्या पायऱ्यांवर पंगत मांडलेली आहे. चारूच्या मुलीचं लग्न आहे हे, पण माणूस एकही नाही. पानंच पानं, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. या लग्नात वसू केसांचा टोप घालून मिरवली होती आणि चारू चारचौघांत तिला म्हणाली होती, वसे, या वयात कुणासाठी गं नटतेस? सगळ्यांत मोठ्यानं वसूच हसली होती.

“चारूला कळलं असतं तर तिनं लग्न पुढं ढकललं असतं,” वसू म्हणते.

ते मला ठाऊक आहे. पण मला रागही आहे, आणि तो दोन वर्षं गिळलेला आहे.

“लग्नानंतर पाच महिने होतीस की तू. तेव्हा का नाही शप्पथ सोडवलीस? चारू गेली माझी त्यापायी.”

केसांतली बोटं थांबतात. मग ती सांगते की भ्याले गं मी. चारूला नटण्याचं ते बोलणं आठवलं असतं, ती रडली असती आणि ते मला बघवलं नसतं. तू रडत नव्हतीस, म्हणून तू चालत होतीस. आणि सोडवायचं मनात आलं तोवर जीभ वळेनाशी झाली.

“शेवटच्या दिवशी तुझ्या हातावर बोट आपटत होते. तुला कळलंच नाही.”

मला आठवतं. ती बोट आपटत होती आणि मी चमच्यानं पाणी पाजत होते. दुपारभर पाजत होते.

“पाणी नको होतं मला, हेमे.”

डोंगरावरचा उजेड पानांवर पसरतो, माझ्या हातांवर येतो. वसू वेणी शेवटापर्यंत नेते. बांधायला काही नाही, म्हणते, पण राहील तशीच. मग ती माझ्या कानाशी वाकते.

“सुटली. आता वळ.”

मी वळते.

चारू पलंगावर उठून बसलीय आणि माझ्याकडे बघतेय. सहा वाजून गेलेत. मी झोपेत बोलत होते, म्हणते. मग ती उठून माझ्या पाठीशी येते आणि तिचा हात माझ्या वेणीवर थांबतो. ती हळू आवाजात पेड मोजते. एक, दोन, तीन, चार. चार पेडांची वेणी आम्हा दोघींना कधी जमली नाही. वसू शिकवून शिकवून थकली होती. टोकाला काही बांधलेलं नाही आणि एक केस हललेला नाही.

“कुणी घातली?” चारू विचारते.

“तुला सांगायचं नाही अशी तिनं मला शप्पथ घातली होती, चारू. आत्ता सोडवली.”

चारू खोटं आहे म्हणत नाही. वेणी हातात धरून ती माझ्या मागं बसते.

“त्या दिवशी मी तिला कुणासाठी नटतेस म्हटलं,” ती म्हणते. “घरी जाऊन रडली का ती?”

म्हणजे दोन वर्षं हिला हे विचारायचं होतं, आणि विचारायला साऱ्या जगात मी एकटीच होते.

“नाही गं. मांडवातून घरी गेल्या गेल्या मला फोन केला तिनं. म्हणाली, चारूच्या नजरेतून सुटला म्हणजे टोप झकास बसलाय. त्या दिवशी दोन वेळा जेवली.”

चारू हसायला जाते आणि तिला रडू फुटतं. माझ्या पाठीवर डोकं टेकून ती रडत राहते, आणि तिच्या मुठीतली वेणी ती सोडत नाही.