आईच्या आरशावरची रेघ

माझा मेहुणा काच कापतो. धाकट्या बहिणीचा नवरा. दुकानात एकटाच असतो, पण बाहेरून ऐकणाऱ्याला आत दोघांचं भांडण चाललंय असं वाटावं. "गाढवा, डोळे कुठं होते?" "हात आहेत की खुंट्या?" हे सगळं तो स्वतःलाच म्हणतो. बहीण हसण्यावारी न्यायची. "आमच्याकडे मालक एक, गाढव एक, कमाई मात्र एकाचीच."

मग एका दुकानाची दर्शनी काच त्याच्या हातून गेली. रेघ मारताना कटर मध्येच उचलला गेला आणि थोडी जागा कोरी राहिली. या कामात रेघ एकदाच मारायची, मग तिच्यावरून काच मोडायची. त्याच रेघेवरून कटर पुन्हा फिरवला, तर काच वाटेल तशी फुटते. हे मला त्यानंच सांगितलं होतं. पण त्या दिवशी स्वतःवर इतका चिडला, की दात ओठ खात त्यानं कटर पुन्हा फिरवला. काच गेली. पाठोपाठ झोप गेली, रक्तदाब चढला, आणि डॉक्टरांनी त्याला समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

बाई त्याला डोळे मिटून बसवत, नुसतं श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत. काही चुकलं, की छातीवर हात ठेवायचा आणि लेकीची समजूत काढावी तशी स्वतःची काढायची.

"माझी लेक काचा फोडत नाही," तो मला म्हणाला. "आणि दादा, स्वतःचे लाड करत बसलो तर हात सुधारणार कसा?"

तरी जात राहिला. बहीण बाईंच्या दारापर्यंत सोडायला जायची, हेही त्याचं कारण असेल.

बहिणीकडे आमच्या आईचा आरसा आहे. आईची तेवढीच वस्तू उरलीय. त्याच्या खालच्या कोपऱ्याला तडा गेला आणि तो वर सरकू लागला. तेवढी पट्टी कापून काढली नाही तर सगळाच आरसा जाणार होता. बहीण म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही." मेहुण्यानं मला बाजूला घेतलं. "हा फुटला तर दुकान बंद, दादा. कायमचं."

टेबलावर ब्लँकेट अंथरून आरसा ठेवला. बहिणीनं आणि मी दोन टोकं धरली. त्यानं मोजपट्टी लावली, कटर तेलात बुडवला आणि ओढला. चर्र असा आवाज सलग येत होता. मध्येच तो तुटला, पुन्हा सुरू झाला.

जागा कोरी राहिली होती.

त्याची मान लाल झाली. कटर उचलून त्यानं पुन्हा रेघेच्या सुरुवातीला टेकवला. बहिणीनं डोळे मिटले.

कटर तिथंच थांबला. मग त्यानं तो खाली ठेवला, हात छातीवर नेला. नाकातून श्वास सुटल्याचा आवाज आला, पुन्हा एकदा आला. "निसटतो हात," तो पुटपुटला. "घाबरलायस. घाबर की. सावकाश."

आरशाची कड टेबलाबाहेर घेऊन तो खालून कटरच्या दांड्यानं हलके ठोकू लागला. भेग रेघेवरून पुढं आली आणि कोऱ्या जागेशी अडली. तो थांबला, श्वास घेतला, तिथंच आणखी हलकं ठोकलं. भेग पलीकडे गेली. पण शेवटाला वाकली आणि चांगल्या भागाचा एक टवका घेऊन पट्टी त्याच्या हातात आली.

बहीण त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"टोकाला वाकलं," तो म्हणाला. "घासून सरळ करतो. बोटभर आणखी लहान होईल."

"होऊ दे. मी तरी आता कुठं वाढतेय!"

तो हसला, घासायचा दगड उचलला आणि परत ठेवला. एरवी त्यानं तसंच रेटून काम पुढं नेलं असतं. आता त्यानं स्टूल ओढलं.

"जरा बसतो," म्हणाला. "मग घासतो."