आबांचा फॉर्म आणि माझे गुण

वडिलांना पुनर्वसन केंद्रात दाखल करायला जाऊन स्वतःच दाखल झालेला माणूस रत्नागिरीत बहुधा मी एकटाच.

वडील म्हणजे आमचे आबा. मांडवीत राहतात, चाळीस वर्षं तांडेल होते (म्हणजे नावेचे कप्तान, घरातही पद तेच). बंदरावर घसरून त्यांचा खुबा मोडला आणि ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "तीन आठवडे केंद्रात राहून रोज व्यायाम, नाहीतर कायमचे अंथरुणात." नारळी पौर्णिमा महिन्यावर आलेली. त्या दिवशी आबांना स्वतःच्या पायांनी बंदरावर जाऊन दर्याला नारळ वाहायचा होता. पण केंद्राचं नाव काढलं की पारा चढायचा.

"अहो आबा, तिथं अगदी घरच्यासारखं वातावरण असतं," मी माहितीपत्रक वाचून दाखवलं.

"मग घरात काय विंचू आहेत?"

तरी माझी बायको मेधा हिने कशीबशी समजूत घातली आणि आम्ही निघालो. पत्रकात लिहिल्याप्रमाणे प्रत्येक कपड्यावर नाव घातलं होतं, अगदी लंगोटावरसुद्धा! आबांनी लग्नाला निघाल्यासारखा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला. मी मात्र सकाळपासून सामान उचलून घामाघूम, दाढी वाढलेली, एका पायात चप्पल (दुसरी रिक्षात राहिली).

मेधा कागदपत्रांच्या रांगेत उभी राहिली. आबा वॉकर टेकत आत आले, बाकावर ताठ बसले आणि समोर आलेली व्हीलचेअर बघून गरजले, "त्यात मी बसणार नाही!"

"त्यात घाबरण्यासारखं काय आहे? हे बघा!" असं म्हणून मी स्वतः खुर्चीत बसलो आणि अडचण नको म्हणून वॉकर माझ्यापुढे ओढून घेतला. इथेच घात झाला.

एक सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आबांकडे, आणि आबांना विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

"बाप," आबा म्हणाले. खोटं कुठे होतं?

"अहो सिस्टर, पेशंट मी नाही!"

"पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात, काका," असं गोड बोलून त्यांनी माझ्या मनगटावर पट्टी बांधलीसुद्धा. "हं आजोबा, जेवण स्वतः घेतात का?"

मी आशेने आबांकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत महिन्याभरात पहिल्यांदाच चमक आली होती.

"पानात वाढलं तर जेवतो. बांगड्याचे काटे मात्र बायको काढून देते. तांडेलाचा पोर, बोला आता!"

"अरेरे. कपडे स्वतः घालतात?"

"तिने काढून ठेवले तर."

"आंघोळ?"

"पाणी काढून, टॉवेल हातात दिला तर. तरी आतून दोन हाका असतातच."

"चालणं?"

"कोपऱ्यावरच्या दुकानात जायला स्कूटर लागते."

"आबा!" मी ओरडलो.

"चिडचिड आहे," सिस्टरनी लिहून घेतलं. बेरीज करून त्या हळहळल्या, "वीसपैकी सहा! पूर्ण अवलंबून आहेत हो. कधीपासून असं?"

"लग्न झाल्यापासून."

तेवढ्यात मेधा आली. मला वाटलं, सुटलो! तिने फॉर्म घेतला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला आणि म्हणाली, "सिस्टर, पेशंट चुकलाय. फॉर्म अगदी बरोबर आहे."

मग आबांचा फॉर्म भरला. पाय मोडेपर्यंत स्वतःचे कपडे स्वतः धूत होते, मासे साफ करत होते, सकाळचा चहा आम्हा सगळ्यांना तेच द्यायचे. वीसपैकी सोळा! गेले ते फक्त पायाचे. "आजोबा, तुमची केस सोपी आहे," सिस्टर म्हणाल्या. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मान ताठ केली आणि त्या खुर्चीत स्वतःहून बसले. "चला. कुठे आहे तो व्यायाम?" माझ्या अब्रूचं खोबरं झालं होतं, पण म्हातारा राहिला एकदाचा!

तीन आठवड्यांनी न्यायला गेलो. आबा काठी टेकत, कोणाचाही हात न धरता, दारापर्यंत चालत आले. बंदर आता लांब नव्हतं. मला खरंच भरून आलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हा खिसा चाचपला, तो खिसा चाचपला.

"मेधा, माझा रुमाल कुठाय गं?"

सिस्टरनी मेधाच्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, बेड आत्ताच रिकामा झालाय. बघा विचार करून."